अडकलेली पुंगळी काय सांगते

पंचवीस मीटर स्पोर्ट्‌स पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य खुलं राहतं ते फक्त ३ सेकंद. ४५ अंशांत खाली धरलेला हात तेवढ्यात वर न्यायचा, नेम साधायचा, चाप ओढायचा. मग ७ सेकंद थांबून पुन्हा तेच, ओळीने पाच वेळा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात ३४ गुणांची बरोबरी शूट-ऑफमध्ये फोडून सुवर्ण जिंकलं. आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. अशा क्षणी सगळ्यांची नजर नेमबाजाच्या हातावर असते. प्रत्येक गोळीमागे बिनबोभाट मागे-पुढे झालेल्या बोल्टची दखल कोणी घेत नाही, आणि मला तर त्याचंच अप्रूप वाटतं.

हे पिस्तूल .२२ लाँग रायफल काडतुसावर चालतं. त्यात बोल्टला कुलूप नसतं. ज्या दाबाने गोळी पुढे सुटते, त्याच दाबाने रिकामी पुंगळी बोल्टला मागे ढकलते. त्याला अडवायला बोल्टचं स्वतःचं वजन आणि एक स्प्रिंग, एवढंच. मागे जाताना पुंगळी इजेक्टरवर आपटून बाहेर उडते. परतताना बोल्ट मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये सारतो. हे काडतूसही नाजूक: गोळी मऊ शिशाची, वजन जेमतेम २.६ ग्रॅम, बहुधा वरून मेणाचा लेप आणि बुडाला बाहेर आलेली कड.

म्हणून पिस्तूल अडलं की आधी बघायचं, मग हात लावायचा. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली असेल, तर बोल्ट पुरता मागे गेलेला नसतो. काडतूस मंद असेल, स्प्रिंग जड असेल, तेल घट्ट झालं असेल किंवा मनगट ढिलं पडलं असेल. गोळीचं नाक खाली रुतलं असेल तर संशय मॅगझिनवर: वाकलेले ओठ, थकलेली स्प्रिंग, किंवा भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेलेली. काडतूस चेंबरच्या तोंडाशीच थांबत असेल तर तिथे मेण आणि काजळीचं कडं साचलेलं असतं. मॅगझिनवर आकडे घालून ठेवले की दोषी एक मॅगझिन आहे की पिस्तूल, ते लवकर कळतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काडतूस, स्प्रिंग आणि तेल एकदम बदललं, तर दोष जाईलही, पण तो कशाचा होता हे कळणार नाही.

स्पर्धेचा नियमही हीच शिस्त मागतो. पिस्तूल अडलं की नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट पाहायची. घाबरून बोल्ट ओढला, तर खरा बिघाडही ग्राह्य धरला जात नाही. मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, सेफ्टी काढली नव्हती, ही नेमबाजाचीच चूक ठरते. पुंगळी बाहेर पडली नाही, किंवा काडतुसावर पिनेची खूण उमटूनही बार उडाला नाही, तर मात्र मालिका पुरी करण्याची संधी मिळते.

मुंबईत नाहूरसारख्या खाडीजवळच्या उपनगरात राहून वरळीच्या रेंजवर सरावाला जाणाऱ्याला पावसाळा वेगळा सांभाळावा लागतो. दमट हवेत फोमच्या पेटीत बंद ठेवलेल्या पिस्तुलाला गंज धरतो. त्यावर भरमसाट तेल हा उपाय नव्हे. तेलाला काजळी चिकटते आणि त्याचाच चिखल होतो. घरी आल्यावर पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून चेंबर कोरडं पुसावं, बोल्टच्या सरकत्या कडांवर तेलाचं बोट फिरवावं, एवढं पुरतं. आणि .२२ चं पिस्तूल रिकामं असताना चाप ओढण्याचा सराव त्यासाठीची सोय असेल तरच करावा. नाहीतर काही पिस्तुलांत पिन चेंबरच्या काठावर आदळून तिथे ओरखडा उठतो, आणि पुढे काडतूस तिथेच अडतं.

एक बिघाड मात्र गुणांच्या हिशेबापलीकडचा आहे. बाराचा आवाज दबका आला आणि लक्ष्यावर छिद्र दिसलं नाही, तर गोळी नळीतच राहिलेली असू शकते. अशा वेळी बोल्टने पुढचं काडतूस आत घेतलं असलं तरी चाप ओढायचा नाही. रेंज ऑफिसर येऊन पिस्तूल रिकामं करवून नळी तपासेपर्यंत पुढची गोळी सुटता कामा नये.