शालेय बालसुरक्षा शिक्षण

शालेय बालसुरक्षा शिक्षण म्हणजे लैंगिक अत्याचार, मारहाण व छळ यांपासून स्वतःस जपण्याचे, आणि असा प्रसंग ओढवल्यास तो विश्वासातील प्रौढ व्यक्तीस सांगण्याचे शाळेत दिले जाणारे शिक्षण होय. भारतात त्याला मुख्यतः लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पोक्सो कायद्याचा आधार आहे. हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अंमलात आला. तो १८ वर्षांखालील मुलगे व मुली अशा दोघांनाही संरक्षण देतो. वैयक्तिक सुरक्षेविषयी वयानुरूप अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी २०२० च्या नियमांनी केंद्र व राज्य सरकारांवर सोपवली.

आशय

प्रारंभीच्या वर्गांत शरीराच्या अवयवांची खरी नावे, खासगी अवयव आणि सुरक्षित व असुरक्षित स्पर्श यांची ओळख करून दिली जाते. ‘चांगला’ व ‘वाईट’ स्पर्श हे शब्द प्रचलित असले, तरी ते अपुरे ठरतात. अत्याचार करणारी व्यक्ती बहुधा ओळखीची असते. तिचा स्पर्श प्रेमळ भासू शकतो, आणि ‘वाईट’ या शब्दाने मूल स्वतःलाच दोषी मानण्याची शक्यता असते. मराठी घरांत अवयवांसाठी लाडके किंवा आडवळणाचे शब्द वापरण्याची पद्धत आहे. त्यामुळे मुलाने सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याला कळतच नाही, म्हणून खऱ्या नावांना महत्त्व दिले जाते.

‘नाही’ म्हणणे, तेथून दूर जाणे व सांगणे हा पाठाचा गाभा आहे. पहिल्या व्यक्तीने विश्वास ठेवला नाही, तर दुसऱ्या व्यक्तीला सांगावे, हेही शिकवले जाते. मोठ्यांना उलट बोलू नये या संस्काराशी त्याचा उघड विरोध येतो. काका, मामा, दादा अथवा गुरुजी यांनाही नकार देता येतो, हे मुलाला स्वतंत्रपणे सांगावे लागते.

सांगितल्यानंतर

मुलाने तोंड उघडल्यावर जबाबदारी प्रौढांची असते. पोक्सोच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत आणि हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मुलाला मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. त्याचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावा, आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, अशी तरतूद आहे.

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर प्रकरणात याच टप्प्यावर यंत्रणा कोलमडली. दोन लहान मुलींनी घरी सांगितले, तरी गुन्हा नोंदवण्यास विलंब झाला. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि घटना न कळवल्याबद्दल शाळेशी संबंधितांवरही गुन्हा नोंदवण्यात आला. राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी पुन्हा आदेश दिले. यांतील सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ चा होता.

पौड व मुळशी परिसर

पौड हे पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे मुख्यालय असून येथील पोलीस ठाणे पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येते. ताम्हिणी घाटाकडील डोंगराळ भागात वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या लहान शाळा आहेत. एक-दोन शिक्षकांच्या शाळेत तक्रारपेटीचा उपयोग मर्यादित राहतो: हस्ताक्षर ओळखू येते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल तोच पेटी उघडणारा असू शकतो. कॅमेऱ्यालाही वर्गाबाहेरची पायवाट दिसत नाही. अशा ठिकाणी शाळेबाहेरची वाट मुलाला ठाऊक असणे अधिक मोलाचे ठरते: १०९८ ही निःशुल्क, चोवीस तास चालणारी बालक मदतवाहिनी, ११२ हा आपत्कालीन क्रमांक, किंवा गावातील अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती. त्यासाठी १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असावा लागतो; मुख्याध्यापकांच्या खोलीतील फलकावर तो असणे पुरेसे नसते.