परदेशातलं बालगृह आणि दरवर्षी परत येणारा पाहुणा

परदेशातल्या एखाद्या अनाथालयात आठवडाभर राहून, मुलांबरोबर फोटो काढून परतणाऱ्या हौशी स्वयंसेवकांवर आता बरीच टीका होते आणि ती रास्तच आहे. पण या टीकेतून एक माणूस हमखास सुटतो, तो म्हणजे त्याच बालगृहात वर्षानुवर्षं परत जाणारा. मुलांची नावं त्याला पाठ असतात, कोण यंदा कितवीत गेलं हे माहीत असतं आणि भेट चुकू नये म्हणून तो रजा साठवून ठेवतो. ‘एकदाच येऊन जाणारे वेगळे, मी वेगळा’ असं त्याला वाटतं आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं. त्याच्या हेतूवर शंका घ्यायचं काहीच कारण नाही. मात्र ही बालगृहं कशावर चालतात आणि मूल तिथे का अडकून राहतं, हे पाहायला लागलं की हाच प्रामाणिक पाहुणा त्या व्यवस्थेचा सर्वांत भरवशाचा टेकू ठरतो.

मुळात अनाथालयातली मुलं अनाथ असतात, हाच मोठा गैरसमज आहे. कंबोडियात २०११ साली युनिसेफच्या मदतीने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संस्थांमधल्या तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं दिसलं. त्याआधीच्या पाच वर्षांत तिथल्या अशा संस्थांची संख्या मात्र तब्बल ७५ टक्क्यांनी वाढली होती. नेपाळची कहाणी याहून उघडीवाघडी आहे. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या, गाडीरस्ताही नसलेल्या जिल्ह्यांत दलाल फिरत. ‘काठमांडूत शाळेत घालतो, मूल सुरक्षित राहील’ असं सांगून ते आईवडिलांकडून पैसे घेत. पुढे कागदोपत्री तेच आईवडील मृत दाखवले जात. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण काठमांडू खोऱ्यातल्या गोदावरीच्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला आणि नंतर पुन्हा गेला. ज्या मुलांना सगळे अनाथ समजत होते, त्यांतल्या अनेकांचे आईवडील जिवंत असल्याचं त्याच्या लक्षात आलं. मग त्यांना शोधायला तो हुम्लाच्या डोंगरात पायी हिंडला आणि मुलांना घरी पोचवण्यासाठी त्याने ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली. त्याचं परत जाणं उपयोगी पडलं, ते मुलांचं घर शोधल्यामुळे.

बालगृहं गरज असेल तिथे निघतात, ही समजूतही नकाशापुढे टिकत नाही. नेपाळमध्ये ७५ जिल्हे होते तेव्हा सुमारे ९० टक्के नोंदणीकृत बालगृहं पाचच जिल्ह्यांत होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. कास्की म्हणजे पर्यटकांचं पोखरा, चितवन म्हणजे राष्ट्रीय उद्यान. पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करणारे आपले यात्रेकरूही याच जिल्ह्यांतून जातात. अतिशय गरीब मुलं आहेत हुम्ला जिथे आहे त्या कर्णालीच्या खोऱ्यात आणि बालगृहं आहेत विमानतळाजवळ. म्हणजे मूल पाहुण्याकडे आणलं जातं! २०१५च्या भूकंपानंतर हा धोका इतका वाढला, की सरकारने योग्य कागदपत्रांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली आणि नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली.

‘पण मुलं किती आनंदाने धावत येऊन बिलगतात,’ हा यावरचा सर्वांत हळवा आक्षेप. घरात वाढलेलं तीन-चार वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आधी आईच्या मागे लपतं. कुणाच्याही मांडीवर पटकन बसणं, हे संस्थेत वाढलेल्या लहान मुलांमध्ये वारंवार नोंदलं गेलेलं लक्षण आहे. कायमचं एक माणूस नसलं की मूल समोर येईल त्याच्याकडून माया मिळवायला शिकतं. रोमानियात बुखारेस्टच्या संस्थांमधल्या १३६ लहानग्यांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्मी मुलं पालक-कुटुंबांत पाठवली गेली. ती बुद्धीच्या विकासात आणि जिव्हाळ्याच्या नात्यांत पुढे गेली, त्यातही जी साधारण दोन वर्षांच्या आत घरात पोचली ती अधिक. त्या मुलांना मिळालं होतं रोज सकाळी दिसणारं माणूस. दरवर्षी पंधरा दिवस येणारा पाहुणा ते होऊ शकत नाही. प्रत्येक पुनर्भेटीला एक निरोप जोडलेला असतोच. मोठ्या मुलांना पत्र, फोन, वाढदिवसाच्या शुभेच्छा यांचं मोल असतं, हे खरं. म्हणून आधीच जुळलेलं नातं तडकाफडकी तोडणंही चूकच, ते दुरूनही निभावता येतं.

पैशाचा भाग मात्र जास्त अवघड आहे. एकदाच येणारा पाहुणा एकदाच देतो. परत येणारा दरवर्षी देतो, मित्रांकडून गोळा करतो आणि बहुतेकदा विशिष्ट मुलांच्या नावाने देतो. उद्या ते मूल घरी गेलं तर देणगी आटणार, हे चालकाला पक्कं ठाऊक असतं. चालक लबाडच असायला हवा असं नाही. चांगल्या चालकालाही भाडं, पगार आणि किराणा भागवायचा असतो, आणि हा हिशेब त्याला मूल ठेवून घ्यायलाच सांगतो.

‘मग मुलांना रस्त्यावर सोडायचं का?’ असा प्रश्न विचारला जातो. रवांडाने वेगळं उत्तर दिलं. १९९४च्या नरसंहाराने पोळलेल्या या गरीब देशाने २०१२ साली संस्थांतली मुलं कुटुंबांत नेण्याचं धोरण स्वीकारलं आणि ३३ संस्थांमधल्या तीन हजारांवर मुलांपैकी बहुतेकांसाठी नातेवाईक किंवा पालक-कुटुंबं शोधली. आपल्याकडेही २०१५चा बालन्याय कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मूल घरातच राहावं म्हणून महिन्याला २,२५० रुपये देते. अर्थात काही मुलांना खरोखरच कोणी नसतं आणि काहींसाठी घरी परतणं धोक्याचं असतं. त्यांच्यासाठी चांगल्या संस्था लागतीलच, पण लागतात त्या थोड्या, लहान आणि कायम टिकणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या.

तेव्हा परत जाण्याआधी चालकाला विचारावं: गेल्या वर्षी किती मुलं घरी गेली? आईवडिलांना भेटायला येता येतं का आणि बसभाडं कोण देतं? मुलाला घरचा पत्ता माहीत आहे का? उत्तरं टाळली गेली तर तिकीट काढू नये. उत्तरं सरळ मिळाली आणि पुढच्या वर्षी आपल्या ओळखीचं मूल घरी गेल्याचं कळलं, तर मदत तेव्हा बंद करू नये. गावातल्या शाळेची फी आणि चार दिवस चालून त्या घराची विचारपूस करणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार त्याच पैशातून द्यायचा असतो.