सणाचा स्वयंपाक आणि तिरफळाची ओळख

गणेशचतुर्थी आली कीं गोव्यांतील व कोंकणांतील मिटलेलीं घरें उघडतात. पोटापाण्यासाठीं मुंबई-पुण्यास राहिलेलीं माणसें मूळ घरीं परततात आणि एरवीं दोघांपुरती पेटणारी चूल वीस-पंचवीस पानांसाठीं पेटते. अशा वेळीं निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या सुना एकाच स्वयंपाकघरांत वावरतात. आणि जो जिन्नस एकीच्या माहेरीं रोजचा, तो दुसरीस अगदीं अनोळखी असतो. तिरफळ हा असाच एक जिन्नस.

नांवाच्या साम्यामुळें पुष्कळांस हें वैद्याच्या त्रिफळ्यापैकीं वाटतें. परंतु दोहोंचा कांहीं संबंध नाहीं. सह्याद्रीच्या उतारावर व कोंकणपट्टींत वाढणाऱ्या एका कांटेरी वृक्षाचें हें फळ. आकारानें तें मिऱ्याहून थोडें मोठें असतें. वाळल्यावर तें उकलतें आणि आंतील काळें, चकचकीत बीं दिसूं लागतें. तें बीं टाकून द्यावयाचें व साल ठेवावयाची; कारण सारा गुण सालींत आहे. हा वृक्ष लिंबाच्या कुळांतला, हें साल चुरडून हुंगली कीं ध्यानांत येतें. जिभेवर ठेवली तर मुंग्या आल्यासारखी चुणचुण होते. ती मिरचीच्या जळजळीहून अगदीं निराळी.

चतुर्थीच्या नैवेद्यांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. त्यामुळें खतखतें या मिश्र भाजीची खुमारी तिरफळावरच अवलंबून असते. तांबडा भोपळा, सुरण, मुळा, रताळें, शेवग्याच्या शेंगा, मक्याचें कणीस अशा निदान पांच भाज्या तुरीच्या डाळीसह शिजवून त्यांत ओलें खोबरें व सुकी मिरची यांचें वाटण, गूळ आणि आमसूल घालतात.

देशावरची नवी सून येथें हमखास चुकते. तिच्या माहेरीं लवंग, दालचिनी, दगडफूल हीं तेलांत परतून, कुटून गोड्या मसाल्यांत एकजीव केलेलीं असतात. तीच रीत ती तिरफळास लावते व बियांसकट वाटून टाकते. मग भाजी दाताखालीं कचकचते. घरची वडील बाई मात्र आठ-दहा फळांच्या साली ठेचून थोड्या पाण्यांत घालते आणि भाजी उतरण्यापूर्वीं तें पाणी तींत सोडते. सालींतलें सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातें, म्हणून ही घाई शेवटींच करावयाची. जेवतांना साली पानाच्या कडेस काढून ठेवतात.

या भांड्यांत एक गंमत दडलेली आहे. सुनेस परकें वाटणारें तिरफळ याच मातींतलें. आणि जिच्यावांचून तिचें पान हलत नाहीं ती मिरची मात्र मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें; त्यानंतर त्याच शतकांत ती या किनाऱ्यावर रुजली. त्यापूर्वीं तिखटपणाचें काम मिरें, पिंपळी व आलें करीत. भोपळा, रताळें आणि मका हींही अमेरिकेचींच लेंकरें. कोणे एके काळीं कोणा गृहिणीनें त्यांना चुलीपाशीं जागा दिली, त्यांची रीत शिकून घेतली, आणि आज तीं देवाच्या पानांत बसलीं आहेत.

नवा मसाला पुडींतून घरीं येतो. त्याची रीत पुडींतून येत नाहीं. ती वडील बाईच्या हातांत असते, आणि विचारलें तर ‘अंदाजानें’ एवढेंच उत्तर मिळतें. म्हणून सण संपून निघतांना तिरफळाची पुडी मागून घेणाऱ्या सुनेनें त्या हाताशेजारीं एक वेळ उभें राहावें. काय टाकावें, किती घालावें आणि केव्हां घालावें, या तीन गोष्टी वहींत उतरून घ्याव्या. मग आपल्या घरीं साध्या तुरीच्या आमटींत चार-पांच साली ठेचून घालून पाहाव्या. घरें पुन्हा मिटतात, तीं वर्षानें पुन्हा उघडतीलही. पण चुलीपाशीं तोच हात असेल, याचा भरंवसा कोणी द्यावा?