नावेचे लाकूड : राजा भोजापासून क्षिप्रेच्या घाटापर्यंत

नावेसाठी कोणते लाकूड निवडावे, हा प्रश्न माळव्याला नवा नाही. उज्जैनजवळच्या धारचा परमार राजा भोज (अकरावे शतक) याच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या संस्कृत ग्रंथात त्याचा विचार आढळतो. तेथे लाकडाच्या चार जाती मानल्या आहेत. त्यांना वर्णांची नावे दिली आहेत; ती बाजूला ठेवली तर वर्गीकरण वजन व कठीणपणा या दोनच गुणांवर उभे आहे. हलके व कठीण लाकूड श्रेष्ठ मानले आहे. दोन जातींची लाकडे मिसळून बांधलेली नाव मात्र पाण्यात कुजते व लहानशा धक्क्यानेही फुटते, असा इशारा आहे.

दुरुस्तीच्या वेळी नेमका हाच इशारा विसरला जातो. लाकूड पाणी पिऊन फुगते, वाळल्यावर आकसते. परंतु सर्वांचे प्रमाण सारखे नसते. सागवान त्यामानाने कमी हलते. सागवानी नावेला स्वस्त आंब्याच्या फळीचे ठिगळ लावल्यास सांधा लवकरच सैल होतो. क्षिप्रा उन्हाळ्यात रोडावते (२०१४ मध्ये तिच्यात नर्मदेचे पाणी आणावे लागले, ते उगीच नव्हे). काठावर ओढलेली नाव तडकते आणि पावसाळ्यात तीच पुन्हा प्रवाशांनी भरते.

कुजण्यास ओल व हवा दोन्ही लागतात. म्हणून सतत बुडालेल्या तळापेक्षा पाणीरेषेजवळच्या फळ्या आणि आत पावसाचे पाणी साचते ती जागा आधी तपासावी. भारतीय मानकांनुसार जमिनीत पुरलेले ज्याचे नमुने सरासरी १२० महिने वा अधिक टिकतात ते लाकूड पहिल्या वर्गाचे, ६० महिन्यांहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गाचे. साग पहिल्यात, आंबा तिसऱ्यात येतो. मात्र हा मान सागाच्या गाभ्याचा आहे. सालीलगतचे फिकट लाकूड सागाचे असूनही लवकर कुजते. 'सागवान' एवढे ऐकून फळी घेणारा येथेच फसतो.

खिळ्यांविषयीही भोजाचा ग्रंथ बोलतो. समुद्रातील चुंबक ओढून घेईल, म्हणून सागरी नावेच्या तळाला लोखंड नको, असे त्यात म्हटले आहे. १३४२ च्या सुमारास धार व उज्जैनमार्गे दक्षिणेकडे गेलेला इब्न बतूता काथ्याने शिवलेल्या जहाजांचे वेगळे कारण देतो : ती खडकावर आदळली तरी लवतात, खिळ्यांची फुटतात. चुंबकाची कथा खरी नव्हे. परंतु लोखंड गंजते आणि खिळ्याभोवतीचे ओले लाकूड काळे पडून ठिसूळ होते, हे कोणत्याही जुन्या फळीवर विद्यार्थ्यांना दाखविता येईल. नदीच्या नावेस जस्ताचा मुलामा दिलेले किंवा तांब्याचे खिळे बरे.

हल्ली जुन्या लाकडावर फायबरचा थर चढवितात. लाकूड पूर्ण वाळलेले नसेल, तर ओल आत कोंडते आणि वरून गुळगुळीत दिसणारी नाव आतून कुजत राहते.