कुंडी झोपलीय, मेलेली नाही



दिवाळी सरली की आपल्या राजारामपुरीच्या गल्ल्यांतून एक गोष्ट हमखास दिसते. कोपऱ्यावर मातीसकट ओतलेल्या कुंड्या. पावसाळ्यात हौसेनं लावलेल्या झाडाची पानं पिवळी पडली, खोड आडवं झालं, की आपण म्हणतो, "गेलं बाई हे झाड," आणि कुंडी रिकामी करतो. त्यातली काही झाडं खरंच गेलेली असतात. पण डोंगरातून आलेल्या कितीतरी झाडांचा जीव त्या मातीतच, वितभर खाली, शाबूत असतो. आज बोलायचं आहे ते अशाच झाडांबद्दल. एकदा लावली की दर पावसाळ्याला आपसूक उगवणारी, आपल्या सह्याद्रीतली रानफुलं. पुस्तकात त्यांना बहुवर्षायू म्हणतात.

आधी डोंगर समजून घेऊ. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला तोच पाऊस पाचपट पडतो. पण हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. पुढचे आठ महिने पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जा, नाहीतर राधानगरीकडच्या सड्यांवर जा, पायाखाली नुसता तापलेला जांभा दगड. जांभ्यावर मातीचा थर असतो बोटभर, फार तर वितभर. पावसात तिथं पाणी साचतं आणि मे महिन्यात तिथं अनवाणी उभं राहवत नाही.

अशा जागी जगायचं तर दोनच वाटा. पहिली वाट तेरड्याची आणि सोनकीची. पावसात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरून जायचं. कास पठाराच्या फोटोत जे गुलाबी-पिवळे गालिचे दिसतात, ते बहुतेक अशा एका हंगामाच्या झाडांचे. आपण गौरी आणताना जो तेरडा घेतो, तोही त्यातलाच. दुसरी वाट कंदांची. चार महिन्यांत पानांनी उन्हातून अन्न तयार करायचं, ते जमिनीखालच्या कंदात साठवायचं आणि वरचा सगळा पसारा आवरून झोपी जायचं.

आपल्या बचत गटाच्या भाषेत सांगायचं तर कंद म्हणजे झाडाचं पासबुक. श्रावण-भाद्रपदात भरणा होतो आणि मृगाचा पाऊस पडला की त्या शिलकीतून नवा कोंब निघतो. थंड डोंगरांतही झाडं अशीच वागतात. हिमालयात चीड-देवदाराच्या जंगलात जी रानफुलं उन्हाळ्यात फुलतात, ती हिवाळ्यात बर्फाखाली झोपतात. आपल्या सह्याद्रीत चीड नाही आणि बर्फही नाही. इथली झाडं थंडीपासून लपत नाहीत, ती उन्हाळ्यापासून लपतात. म्हणून इंग्रजी बागकामाच्या पुस्तकातलं वेळापत्रक इथं चालत नाही. आपलं वेळापत्रक नक्षत्रांचं.

आता घरी लावता येतील अशी पाच झाडं सांगते.

पहिली रानहळद. स्वयंपाकघरातल्या हळदीची ही डोंगरातली बहीण. पानं तशीच रुंद. पावसाळ्यात पानांमधून एक दांडा येतो आणि त्याच्या टोकाला गुलाबी तुरा. गंमत अशी, की तो तुरा म्हणजे फुलं नव्हेत, ती रंगीत पानं आहेत. खरी फुलं पिवळी, लहान, तुऱ्याखालच्या खोबणीत बसलेली. अर्धवट सावलीची गॅलरी असेल तर हे झाड नक्की लावा.

दुसरं पेव. याचं खोड सरळ न वाढता पीळ घेत वर चढतं आणि पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी लागतात. फुलं पांढरी, चुरगळलेल्या मलमलीसारखी, लाल कणसातून एकेक उमलणारी. हे माणसाच्या उंचीएवढं वाढतं, म्हणून कुंडीपेक्षा परसात, मोरीचं स्वच्छ पाणी जातं अशा ओलसर जागी बरं.

तिसरं कुलू. कोकणात याच जातीच्या भाजीला फोडशी म्हणतात. पहिल्या पावसानंतर मंडईत रानभाज्या घेऊन बसणाऱ्या मावशींकडे याच्या कोवळ्या पातीची जुडी मिळते. पाती कापली नाही तर तिच्यातून पांढऱ्या चांदण्यांचा दांडा येतो. औषधाची सफेद मुसळीही याच कुळातली. तिच्या मुळांना भाव आला आणि डोंगरातून ती उकरली गेली. घरच्या कुंडीत निम्मी पाती भाजीला आणि निम्मी फुलाला ठेवा.

चौथी भारंगी. हिला कंद नसतो, पण बुंधा लाकडासारखा टणक असतो. वरच्या काड्या वाळल्या तरी पावसात बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. फुलं फिकट निळी, एक पाकळी गर्द. कोवळी पानं आणि फुलं, दोन्हींची भाजी होते. मे महिन्यात वाळक्या काड्या बुंध्याशी छाटायच्या, एवढीच हिची निगा.

पाचवी कळलावी, आणि इथं जरा नीट ऐका. रूपानं ही सगळ्यांत देखणी. पानाच्या टोकाला तणावा असतो, त्यानं ती कुंपणाला धरून चढते. फूल उमलताना हिरवट-पिवळं, मग केशरी, मग लाल. पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या, म्हणून तिला अग्निशिखा म्हणतात. तामिळनाडूचं हे राज्यफूल आहे आणि झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात लांगली. पण ही वेल मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे, आणि सगळ्यांत जास्त विष कंदात. तिच्यातल्या कोल्चिसिन या द्रव्यापासून संधिवाताच्या एका प्रकारावर औषध बनतं, पण ते कारखान्यात, मोजून मापून. बाळंतपणाच्या कळा लावण्यासाठी हिचा कंद वापरायचे म्हणून हे नाव पडलं. ते आज कुणी करू नये, कुणाला सांगूही नये. रताळं किंवा रानकंद समजून हिचा कंद खाल्ल्यानं माणसं दगावलेली आहेत. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, त्यामुळे आधी काही कळत नाही. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी त्रास सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. घरात रांगतं मूल असेल, कुत्रं किंवा जनावर असेल, तर कळलावी लावूच नका. लावली तर भाजीच्या वाफ्यापासून लांब, आणि कंद हाताळताना हातमोजे हवेतच.

माती कशी हवी? शहराची काळी माती नदीकाठची, पाणी धरून ठेवणारी. तीत हे कंद कुजतात. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू किंवा जांभ्याचा चुरा, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एवढं पुरे. कुंडीच्या तळाला भोक मोठं आणि त्यावर खापरीचा तुकडा. रासायनिक खत नको. डोंगरात त्यांना कुणी खत घालत नाही, आणि जास्त खतानं पानंच माजतात.

आता वर्षाचं वेळापत्रक. वैशाखाच्या शेवटी, रोहिणी नक्षत्राच्या सुमारास, कंद दोन बोटं खोल लावायचे. प्रत्येक तुकड्यावर निदान एक डोळा हवा. कळलावीच्या कंदाला डोळा फक्त टोकाला असतो, टोक मोडलं की तो फांदा फुकट गेला. मृगात कोंब येतो. पावसाळ्यात वेगळं पाणी लागत नाही. पावसानं चार-आठ दिवस दडी मारली तर मात्र घालायचं.

दसऱ्याच्या आसपास पानं पिवळी व्हायला लागतात. इथं दोन नेमके गैरसमज होतात. पहिला, पिवळं पान दिसलं की आपण कात्री घेतो. पण पान पिवळं होत असतं तेव्हा त्यातलं अन्न कंदात उतरत असतं. भरणा चालू असताना खिडकी बंद करायची का? पान पूर्ण वाळून हाताला सहज निघेल तेव्हाच काढा. दुसरा, झाड सुकतंय म्हणून आपण पाणी वाढवतो. झोपलेल्या कंदाला रोज पाणी दिलं की तो सडतो. म्हणजे माया करूनच झाड मरतं. दिवाळीनंतर कुंडी आडोशाला, पागोळी पडणार नाही अशा जागी सरकवा आणि मृगापर्यंत पाणी बंद.

कंद आणायचे कुठून, हा खरा प्रश्न. मसाई पठारावर फिरायला गेलो आणि खुरप्यानं दोन उकरून आणले, असं करायचं नाही. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात महाराष्ट्रातली चार आहेत: कास पठार, कोयना, चांदोली आणि आपल्या जिल्ह्यातलं राधानगरी. अभयारण्यातून झाड उपटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बघा. वितभर मातीतला एक कंद काढला तर ती माती पुढच्या पावसात वाहून जाते आणि तिथं पुन्हा काही रुजत नाही. आणि जमिनीवर येणाऱ्या आमरी तर आणून उपयोगच नाही. त्यांचं बी धुळीएवढं बारीक, त्यात साठवलेलं अन्न नसतं. मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या आधारानंच ते रुजतं. ती बुरशी आपल्या कुंडीत कुठून येणार? कंदीलपुष्पांचंही तसंच. कंदिलाच्या आकाराची ही फुलं इतकी दुर्मीळ झाली, की आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाच्या उद्यानात त्यांच्या जाती मुद्दाम जपून वाढवल्या जातात. अशी झाडं पठारावरच बघायची.

मग घरासाठी कंद मिळतील ते रोपवाटिकेतून किंवा परसात ही झाडं असलेल्या ओळखीच्या घरून. गावाकडच्या नातेवाइकांच्या बांधावर रानहळद असेल तर तिचा एखादा तुकडा मागून आणा. पेवाचं तर खोडाचं पेरही ओल्या मातीत रुजतं. आणि इथंच आपल्या गटांचं काम सुरू होतं. रानहळदीचा एक गड्डा दोन-तीन पावसाळ्यांत पसरतो. तो वैशाखात फोडला की त्याच्या पिशव्या भरता येतात. भांडवल म्हणाल तर माती, पिशव्या आणि धीर. जूनमध्ये लोक गुलाब-जास्वंद घ्यायला रोपवाटिकेत जातातच. तिथं आपली रानफुलं शेजारी ठेवता येतील. मात्र प्रत्येक पिशवीबरोबर एक चिठ्ठी द्यायची: झाडाचं मराठी नाव, दिवाळीनंतर पाणी बंद, आणि कळलावी असेल तर मोठ्या अक्षरांत "विषारी". चिठ्ठीशिवाय विकलेलं झाड पहिल्याच दिवाळीला कचऱ्यात जाईल, आणि पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक आपल्याकडे फिरकणार नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. गच्चीत जी कुंडी वाळलेली दिसतेय, तिची माती बोटानं हळूच उकरा. आत कंद टणक लागला तर माती परत सारखी करा. जुन्या डब्याच्या पत्र्यावर खिळ्यानं झाडाचं नाव कोरा आणि तो मातीत खोचा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी कुंडी रिकामी करणार नाही. मग कुंडी जिन्याखाली ठेवून द्या. मृगाला भेटेल ती.