समुद्र आटला, घाट तेवढाच राहिला!

पाचगणीच्या निवासी शाळांत दूरदेशींची मुले शिकायला येण्याची परंपरा जुनीच. ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून पुढे जगभर गाजलेला फारोख बलसारा त्यांतलाच एक. झांझिबारच्या पारशी कुटुंबातला हा मुलगा 1955 साली, आठ वर्षांचा असताना, बोटीने मुंबईला आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला.

झांझिबार ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे 4,600 किलोमीटर. ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाचे जेट विमान वाटेत न थांबता ते सहा तासांत कापू शकते. बोटीला दिवसच्या दिवस लागत. गंमत अशी, की मुंबईहून जेमतेम अडीचशे किलोमीटरवरच्या पाचगणीला पसरणीचा घाट चढून मोटारीने पोचायला आजही पाच-सहा तास मोडतात!

वसतिगृहातले मूल घरापासूनचे अंतर सुट्टीला उरलेल्या दिवसांत मोजते. फारोखच्या काही सुट्ट्या मुंबईला मावशीकडेच गेल्या. आज मूल तापाने फणफणल्याचे कळले, तर समुद्रापलीकडची आईसुद्धा दोन दिवसांत त्याच्या उशाशी येऊन बसू शकते. विमानाने वाचवलेले खरे तास हेच.