दोन काड्यांचे जेवण

चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाम या देशांतील कोट्यवधी माणसे रोज दोन काड्यांनी जेवतात. सिनेमात किंवा टीव्हीवर हे दृश्य पाहिले की आपल्या मुलांना हसू येते. ‘दोन काड्यांनी भात कसा उचलतात?’ हा प्रश्न ठरलेलाच. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यात तरफ, घर्षण, उष्णतेचे वहन आणि धान्यातील स्टार्चचे रसायन असे विज्ञानाच्या पुस्तकातील बरेच काही दडलेले आहे. शिवाय या काड्या ज्या बांबूच्या करतात, तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांना मुद्दाम शोधावा लागत नाही.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. हाताने जेवणे मागासलेले आणि काट्या-चमच्याने जेवणे सुधारलेले, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. आश्रमशाळेत येणाऱ्या मुलांच्या मनावर तर ही गोष्ट न बोलताही ठसते. पण जेवणाची साधने ही काही सुधारणेच्या शिडीच्या पायऱ्या नव्हेत. अन्न कसे शिजते, कसे वाढले जाते आणि ते किती गरम, किती पातळ, किती चिकट असते, यावर साधन ठरते. हे कसे ते पाहू.

अन्न तसे साधन

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग, स्थापना १९७२ ची. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. तिबेटी लोकांचे दोन पदार्थ प्रसिद्ध आहेत. एक त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या सातूचे पीठ. ते लोणी घातलेल्या चहात कालवून, हातानेच मळून, गोळा करून खातात. दुसरा थुक्पा, म्हणजे गरम रश्श्यातील शेवया. त्या काड्यांनी उचलायच्या आणि रस्सा वाडग्याने प्यायचा. माणसे तीच, घर तेच. पदार्थ बदलला की साधन बदलते.

आपल्याकडेही असेच आहे. भाकरी हाताने मोडतो आणि तिच्याच तुकड्याचा चमचा करून कालवण उचलतो. वरणभात बोटांनी कालवतो. पेज किंवा आंबील मात्र बोटांनीही खाता येत नाही आणि काड्यांनीही नाही. तिला पळसाच्या किंवा माहुलाच्या पानांचा द्रोण हवा. उकळत्या रश्श्यातल्या लांब शेवया बोटांनी काढू गेलो तर पोळेल आणि चमच्यावरून त्या घसरतील. तेथे काड्याच कामाच्या.

चीनमध्येही काड्या एकदम ताटापर्यंत आल्या नाहीत. आन्यांग येथील उत्खननात कांस्याच्या काड्या मिळाल्या आहेत. त्या सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या असून त्यांचा उपयोग बहुधा स्वयंपाकात, गरम भांड्यातील जिन्नस हलवण्यासाठी किंवा काढण्यासाठी होत असावा. उत्तर चीनचे मुख्य अन्न त्या काळी भरडधान्यांचे होते आणि ते चमच्याने किंवा हाताने खात. भरडधान्याचे अन्न काड्यांनी खाऊ नये, असा नियमच तेथील एका प्राचीन आचारग्रंथात आहे. पुढे गव्हाच्या पिठाच्या शेवया आणि भात यांचे प्रमाण वाढले, तसतशा काड्या चमच्याची जागा घेत गेल्या. कोरियात आजही भातासाठी चमचा आणि इतर पदार्थांसाठी धातूच्या काड्या, अशी जोडी ताटाशेजारी असते.

भात कोणता, हेही महत्त्वाचे. तांदळाच्या स्टार्चमध्ये ॲमायलोज आणि ॲमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. ॲमायलोज जास्त असेल तर शिते सुटी राहतात. ते कमी असेल तर शिते एकमेकांना धरतात. जपान, कोरिया आणि चीनच्या बऱ्याच भागांत आखूड दाण्याचा, कमी ॲमायलोजचा तांदूळ खातात. त्याचे लहान लहान गठ्ठे काड्यांनी सहज उचलता येतात. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने एचएमटी हे धानाचे वाण तयार केले. त्या बारीक तांदळाची आवड असलेल्या आपल्या भागात भात मोकळा झाला की स्वयंपाक जमला असे म्हणतात. असा भात काड्यांनी खायला बसलो तर जेवण संध्याकाळपर्यंत चालेल. पाची बोटांनी तो लगेच गोळा होतो. म्हणजे आपले हात आणि त्यांच्या काड्या, दोन्ही आपापल्या भाताला साजेसे आहेत.

चिरण्याचा हिशेब

काड्यांनी कापता येत नाही. त्यामुळे भाजी, मांस वगैरे स्वयंपाकघरातच घासाएवढे चिरावे लागते. याचा इंधनाशी जवळचा संबंध आहे. ४ सेंमी बाजू असलेला बटाट्याचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ९६ चौ. सेंमी. त्याचेच १ सेंमी बाजूचे तुकडे केले तर ६४ घन होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ३८४ चौ. सेंमी, म्हणजे चौपट. उष्णता आत शिरायला लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की वेळ सुमारे पाव होतो. बारीक चिरलेले अन्न थोड्या जळणात झटपट शिजते. काड्यांचा प्रसार होण्यामागे जळणाची ही बचत असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. सरपणाची मोळी डोक्यावर आणणाऱ्या घरातील मुलांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

काडी म्हणजे तरफ

काड्या धरण्याची रीत अशी. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात ठेवून अनामिकेवर टेकवायची. ती हलत नाही. वरची काडी अंगठ्याचे टोक, तर्जनी आणि मधले बोट यांत लेखणीसारखी धरायची. फक्त तीच हलते. वरच्या काडीला टेकू अंगठ्यापाशी मिळतो, बल बोटे लावतात आणि भार टोकाशी असतो. टेकू आणि भार यांच्यामध्ये बल, म्हणजे ही तिसऱ्या प्रकारची तरफ. चुलीतला निखारा उचलण्याचा चिमटा याच प्रकारचा. सांडशी मात्र पहिल्या प्रकारची, कारण तिचा टेकू मध्ये असतो.

एक उदाहरण घेऊ. काडी २४ सेंमी लांब आहे. टेकू मागच्या टोकापासून ६ सेंमीवर आहे. बोटांचे बल टेकूपासून ६ सेंमीवर लागते आणि पुढचे टोक टेकूपासून १८ सेंमीवर आहे. तरफेच्या नियमानुसार टोकाशी १० ग्रॅमभार दाब हवा असेल, तर बोटांना ३० ग्रॅमभार बल लावावे लागेल. म्हणजे बलाच्या बाबतीत आपण तिपटीने तोट्यात. मग फायदा कशात? बोट १ सेंमी हलले की टोक ३ सेंमी हलते. बलाच्या बदल्यात आपल्याला अंतर मिळते. अन्नाचा घास हलका असतो, त्यामुळे हा सौदा परवडतो. काडी टोकाकडे सरकून धरली तर बल वाचते, पण टोक कमी हलते आणि हात गरम वाडग्याजवळ जातो.

आता घर्षण. दोन टोकांमध्ये धरलेला तुकडा खाली पडत नाही, तो दोन्ही बाजूंच्या घर्षणामुळे. तुकड्याचे वजन १० ग्रॅम आणि घर्षणाचा गुणांक ०.५ धरू. दोन्ही बाजूंचे घर्षण मिळून १० ग्रॅमभार व्हायला हवे. म्हणून प्रत्येक टोकाने निदान १० ग्रॅमभार दाब द्यायला हवा. तेलामुळे गुणांक ०.२५ वर आला, तर तोच दाब २० ग्रॅमभार लागेल आणि वरील तरफेच्या हिशेबाने बोटांना ६० ग्रॅमभार बल लावावे लागेल. गुळगुळीत लाखेच्या काड्यांपेक्षा साध्या बांबूच्या काड्यांनी शिकणे सोपे जाते, त्याचे कारण हे. धातूच्या काड्यांच्या टोकांवर पुष्कळदा खाचा पाडलेल्या असतात, त्याही यासाठीच.

बांबूच का?

बांबू हे झाड नसून गवत आहे. त्याचे तंतू दोन पेरांच्या दरम्यान सरळ, लांबीच्या दिशेने धावतात. म्हणून विळ्याचा एक घाव बसला की कामटी सरळ फाटत जाते. बुरूड कारागिराचे सारे कौशल्य या गुणावर उभे आहे. बाहेरच्या बाजूला तंतू दाट असतात आणि आत विरळ. त्यामुळे काडी बाहेरच्या भागाची केली तर ती बारीक असूनही वाकत नाही. बांबू उष्णतेचा मंद वाहक आहे, म्हणून गरम रश्श्यात बुडवलेली काडी हाताला चटका देत नाही.

आपल्या जंगलात मुख्यतः मानवेल आढळतो. नदीनाल्यांच्या काठी काटेरी कटांग मिळतो. मानवेलाच्या दोन पेरांमधले अंतर साधारण ३० ते ४५ सेंमी असते, म्हणजे २४ सेंमीची काडी गाठ टाळून सहज निघते. बांबूत स्टार्च असल्याने त्याला कीड लागते. कापलेला बांबू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवला तर स्टार्च व साखर बरीच निघून जाते आणि कीड कमी लागते. ओली काडी बुरशी धरते, म्हणून धुतल्यावर उन्हात वाळवणे आवश्यक आहे.

वर्गात करून पाहा

वाळलेल्या बांबूच्या २४ सेंमी लांबीच्या कामट्या बुरूड कारागिराकडून किंवा जाणत्या पालकाकडून काढून घ्या. फाटलेल्या बांबूची कड पात्यासारखी कापते, त्यामुळे विळ्याचे काम मुलांकडे देऊ नका. मुलांनी पॉलिश पेपरने कामट्या गोल कराव्यात. मागे जाडी ७-८ मिमी आणि टोकाशी ४ मिमी पुरे. कूस राहू देऊ नका. आता हे प्रयोग घ्या :

१. एका मिनिटात किती फुटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत जातात ते मोजा. सलग सात दिवस रोज मोजून आलेख काढा. सरावाने हात कसा शिकतो ते दिसेल.

२. हीच मोजणी टोके कोरडी असताना, पाण्याने ओली करून आणि तेल लावून करा. फुटाणा मधोमध न धरता कडेला धरला तर काय होते?

३. काड्या मागे, मध्ये आणि टोकाजवळ धरून पाहा. टोके किती उघडतात ते पट्टीने मोजा आणि तरफेच्या सूत्राशी ताडून पाहा.

४. मोकळा भात, मऊ भात, शेवया, उसळ आणि पेज यांपैकी काड्यांनी काय खाता येते? कोणासाठी बोटे बरी, कोणासाठी द्रोण बरा? कारणासह तक्ता करा.

५. स्टीलचा चमचा आणि बांबूची काडी यांच्या वरच्या टोकाला डालड्याचा एकेक ठिपका लावून त्या गरम पाण्यात उभ्या करा. कोणता ठिपका आधी वितळतो?

वापरून फेकायचे की जपायचे?

काड्यांची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. एकदा वापरून फेकण्याच्या लाकडी काड्यांसाठी चीनमध्ये एवढे लाकूड लागू लागले, की २००६ साली सरकारने त्यांच्यावर ५ टक्के कर बसवला. म्हणजे दोष काडीचा नव्हे, फेकून देण्याचा. घरात धुऊन वर्षानुवर्षे वापरलेली जोडी आणि एका जेवणानंतर फेकलेली जोडी यांत फार फरक आहे. आपली पळसाची पत्रावळही एकदाच वापरतात. पण झाड न तोडता पाने खुडली जातात आणि पत्रावळ उकिरड्यावर जाऊन खत होते. आता लग्नाच्या पंगतीत थर्माकोल आणि प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या ताटल्या दिसतात. त्या कुजत नाहीत. यातले कोणते साधन आपल्या गावाला परवडणारे, हा हिशेब मुलांनीच करावा.

बांबूचा मोबदला कोणाला मिळतो, हाही प्रश्न याच जंगलात उभा राहिला. इथला बांबू अनेक दशके बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना वृक्षात होती, त्यामुळे तो वन विभागाच्या ताब्यात राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ मध्ये कायदा बदलून वनक्षेत्राबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. वनस्पतिशास्त्रात जे गवत, ते कायद्यात वृक्ष असण्याने किती फरक पडतो, हे यावरून कळते.

आता पुढचा प्रश्न कारागिरीचा. अख्खा बांबू विकला तर एक भाव मिळतो. त्याच्या कामट्या, सुपे, टोपल्या किंवा काड्या करून विकल्या तर दुसरा. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. जवळच्या शाळांनी तेथे सहल न्यावी. दूरच्या शाळांनी गावातील बुरूड कारागिरालाच एक तास गुरुजी म्हणून वर्गात बोलवावे. सरळ कामटी निघण्यासाठी विळा कोठे लावायचा, कोणत्या महिन्यात तोडलेला बांबू टिकतो, मानवेल आणि कटांग हाताला कसे वेगळे लागतात, हे तो पुस्तकापेक्षा नेमके सांगेल. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे आणि कारण शोधण्याचे काम विज्ञानाच्या तासाला करावे.